'सास ननद मोरी देगी गारी': बंदिशींचे विषय येतात कुठून?

तीव्र मध्यम (मिरज)

नमस्कार मंडळी,

वयाच्या ४४ व्या वर्षी मी गाणं शिकायला लागले, त्याला आता तीन वर्षं होतील. शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. आठवड्यातून दोनदा क्लास असतो. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की तासभर रियाज. मिरजेत राहते, त्यामुळे तंबोरा इथल्याच कारागिराकडून करून घेतला. भोपळा निवडायला स्वतः गेले होते.

घरी सासूबाई आहेत, वय ८१. मी गाते तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भाजी निवडत बसतात आणि सगळं ऐकतात. सध्या पूरिया धनाश्री हा राग चालू आहे. त्यातली 'पायलिया झनकार मोरी' ही तीनतालातली बंदिश (रागात बांधलेलं गाणं) शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. परवा अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, पक्का करत होते, 'पिया समझाऊँ समझत नाहीं, सास ननद मोरी देगी गारी'. पंधरा-वीस वेळा तरी म्हटला असेन. सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "अगं, ही रोज सासूला काय म्हणते?"

मला सांगता येईना. शब्दांचा अर्थ ठाऊक होता. पैंजण वाजतायत, प्रियकराला समजावलं तरी तो ऐकत नाही, सासू-नणंद मला शिव्या देतील. पण समोर माझी सख्खी सासू बसलेली. क्लासची पहिल्या वर्षाची फी ज्यांनी आपल्या पेन्शनमधून दिली, त्या. "जुनं गाणं आहे" एवढंच बोलून मी पुढची तान घेतली, आणि ते मनाला लागून राहिलं.

रात्री वही काढली. तीन वर्षांत २३ बंदिशी झाल्यात. विषयवार मोजल्या तर ९ विरहाच्या, ५ कृष्णाच्या, ४ पावसाच्या, ३ सास-ननदच्या, एक देवाची करुणा भाकणारी ('करीम नाम तेरो', मियाँ मल्हार) आणि एक लक्षणगीत, म्हणजे रागाचेच नियम सांगणारं. इतक्या मोठ्या गाण्याला एवढे थोडेच विषय कसे पुरले? ते आले कुठून? आणि मी, मिरजेत राहणारी मराठी बाई, तीनशे वर्षांपूर्वीच्या दिल्लीकडच्या कुणा बाईची भीती रोज संध्याकाळी गाते, तर ती माझी कशी करून घ्यायची?

आमचे सर फार मन लावून शिकवतात, पण त्यांचं म्हणणं असं की शब्द म्हणजे सूर टांगायची खुंटी, त्यात फार शिरू नये. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

खर्ज (कोल्हापूर)

ताई, प्रश्न वाचून माझे गुरुजी आठवले. मी त्यांच्याकडे बावीस वर्षं शिकलो. नवी बंदिश द्यायच्या आधी ते ती नुसती बोलायला लावायचे. तंबोरा नाही, ठेका नाही. शेजारणीला सांगावी तशी सांगायची. ती नीट बोलता आली तरच सूर मिळायचे. त्यामुळे खुंटीची उपमा मला अर्धीच पटते. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, एकेक अक्षर तालाच्या आवर्तनभर लांबतं, तिथे शब्द मागे पडतात हे खरं. द्रुत, म्हणजे जलद, बंदिशीत मात्र शब्दाचा आघात चुकला की सगळी चालच लुळी पडते.

आता तुमच्या बाईबद्दल. ती सासुरवाशीण आहेच, पण त्याआधी ती 'अभिसारिका' आहे, प्रियकराला भेटायला चोरून निघालेली. भरताच्या नाट्यशास्त्रापासून नायिकांचे आठ प्रकार सांगत आलेत. व्रजभाषेतल्या कवींनी ते उचलले आणि ख्यालाने, म्हणजे आज आपण गातो त्या गायनप्रकाराने, त्यांच्याकडून घेतले. तुम्ही गणिताच्या बाई आहात म्हणून सुचवतो, त्या ९ विरहाच्या बंदिशी पुन्हा वेगळ्या काढा. नवरा परगावी गेलाय ती प्रोषितभर्तृका. वाट पाहून व्याकूळ झालेली विरहोत्कंठिता. रात्र दुसरीकडे काढून सकाळी दारात उभ्या राहिलेल्या प्रियकराला बोल लावते ती खंडिता. ती सकाळच्या रागांत जास्त भेटते, आणि का ते उघड आहे. नऊच्या नऊ एकसारख्या निघणार नाहीत. एकीत राग आहे, एकीत संशय, एकीत नुसता थकवा. गळ्यातून तो फरक यायला हवा.

पैंजणांचा विषय पाहायचा असेल तर उस्ताद फैयाज खाँसाहेबांची नट बिहाग रागाची जुनी ध्वनिमुद्रिका ऐका, 'झन झन झन झन पायल बाजे, जागे मोरी सास ननदिया'. बडोद्याच्या दरबारातला तो भरदार, मर्दानी आवाज, जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, आणि गातोय कोण, तर पाऊल न वाजवता घराबाहेर पडू पाहणारी बाई. पुढे 'दोरनिया' आणि 'जिठनिया' येतात. धाकटी जाऊ आणि थोरली जाऊ. आपल्याकडे दोघींना 'जाऊ' हा एकच शब्द, म्हणून कित्येक मराठी गायक तिथे अडखळतात आणि काहीतरी भलतंच गातात. मी स्वतः चार वर्षं 'डोरनिया' म्हणत होतो आणि दोरीशी काही संबंध असावा असं धरून चाललो होतो. गुरुजींनी एका मैफलीनंतर बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते घर दिसलं. एका छपराखाली चार बायका झोपल्यात आणि पाचवी उंबऱ्यावर श्वास रोखून उभी आहे.

विषय थोडे का, याचं एक उत्तर दरबारात आहे. आज आपण गातो त्यातल्या अनेक जुन्या ख्यालांवर सदारंगांचं नाव आहे. ते नियामत खाँ, दिल्लीच्या मोहम्मदशाह बादशहाचे बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे. हा बादशहा १७१९ ते १७४८ गादीवर होता, आणि 'सदारंगीले मोहम्मदशाह' अशी दोघांची नावं जोडून कितीतरी अंतऱ्यांत येतात. मधे १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, कत्तल केली. त्या काळातल्या बंदिशी मी मुद्दाम चाळल्या, की कुठे त्याचा ओरखडा दिसतो का. मला तरी दिसला नाही. तिथे पाऊस पडतोय, पिया आलेला नाही, पैंजण वाजतायत. बरेच दिवस मला हे पळपुटेपण वाटायचं. आता तसं वाटत नाही. शहर जळत असताना कुणाची तरी वाट पाहणं हा विषय धरून ठेवायलाही काही लागतंच.

---

गोलघुमट (सोलापूर)

वरच्या प्रतिसादात फक्त दिल्ली आली म्हणून आपल्या बाजूचं सांगतो. विषय थोडेच असतात हे सगळीकडे खरं नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) स्वतः गाणी रचायचा. त्याच्या 'किताब-ए-नौरस'मध्ये दखनी भाषेतली ५९ गीतं आणि १७ दोहरे आहेत, आणि गीतं रागवार लावलेली आहेत. विषय पाहा: सरस्वती, गणपती, शिवपार्वती, गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज, बेगम चाँद सुलताना, लाडका हत्ती आतिशखान, आणि त्याचा तंबोरा. तंबोऱ्याला त्याने नाव ठेवलं होतं, मोतीखान.

ताई, तुम्ही भोपळा निवडायला स्वतः गेलात हे वाचलं आणि मला हा मोतीखान आठवला. एका सुलतानाला आपल्या तंबोऱ्यावर गाणं करावंसं वाटलं, यापेक्षा घरगुती विषय कुठला असणार?

हा सुलतान स्वतःची ओळख देताना पिता गणपती आणि माता सरस्वती असं म्हणतो. विजापूरला तो 'विद्यापूर' म्हणे. नौरस म्हणजे नऊ रस. त्या शब्दाचं त्याला इतकं वेड होतं की १५९९ मध्ये त्याने नौरसपूर नावाची नगरीच वसवायला घेतली. विजापूरला गेलात तर गोलघुमट पाहून परत फिरू नका, इब्राहिम रोजा पाहा. तिथे हा माणूस झोपलाय.

तुमच्या वहीतल्या 'करीम नाम तेरो'कडेही पुन्हा पाहा. सुरुवात 'करीम'ने होते आणि अंतरा संपताना हाक मारली जाते ती 'करतार' म्हणून. मिरजेत राहता, तेव्हा हे वेगळं सांगायला नको. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणारे-वाजवणारे येतात, तेव्हा कोण कुणाच्या देवाचं गातंय हे कोण विचारतं?

---

नोमतोम (पुणे)

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. तुमच्या सरांचं म्हणणं इतकं चूक नाही.

ध्रुपदाची, म्हणजे ख्यालाहून जुन्या गायनप्रकाराची, आलापी घ्या, 'री त न न तोम' वर तासभर चालते. तराना घ्या, तोही अशाच निरर्थक वाटणाऱ्या बोलांचा. उस्ताद अमीर खाँसाहेब मानत की तरान्याच्या बोलांमागे सूफी फारसी अर्थ आहे, आणि काही तरान्यांत तर ते फारसी रुबाई (चार ओळींची कविता) म्हणत. पण ऐकणाऱ्या हजारातल्या नऊशे नव्वद जणांना तो अर्थ ठाऊक नसतो, आणि डोळ्यांत पाणी यायचं ते येतंच.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली. त्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावची ही बाई. दोन्ही यानं उडाली आणि त्याच सप्टेंबरात त्या गेल्या. ती तबकडी कुणी ऐकलीच, तर त्याला व्रजभाषा येणार आहे का? 'एकटी कुठे निघालीस' हे त्याला कळणार नाही. पण त्या पंचमावरचा ('प' या स्वरावरचा) ठहराव कळेल असं मला मनापासून वाटतं. म्हणून म्हणतो, अर्थ जरूर शिका. गाताना मात्र तो सोडून द्या, धरून बसू नका.

---

ओवी (परभणी)

माझी एक छोटी भर. वसंत रागातली 'फगवा ब्रिज देखन को चलो री' सगळे शिकतात. त्यात 'बाट चलत बोले कगवा' असं आहे. वाटेत कावळा बोलतोय, म्हणजे कृष्ण भेटणार. हा शकुन आपल्याला परका आहे का? 'पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे', ज्ञानोबांनी सातशे वर्षांपूर्वी मराठीत हेच म्हटलं. मला वसंतातला तो 'कगवा' म्हणताना दरवेळी आमच्या परसातला कावळा दिसतो. घास ठेवला की आजी त्याला विचारायची, कोण येणार आहे रे.

---

टेकडीखाली (देवास)

मी देवासची. आमचं घर चार पिढ्यांपासून इथे आहे, पवारांच्या संस्थानाबरोबर आलेलं. माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी गायक कुमार गंधर्वांचं, आमच्या कुमारजींचं, 'भानुकुल' हे घर आहे, लहानपणी शाळेच्या वाटेवर लागायचं. म्हणून 'विषय कुठून येतात' या प्रश्नावर मला लिहावंसं वाटलं.

कुमार गंधर्व बेळगावकडून मुंबईला आणि तिथून इथे आले ते क्षयाने आजारी पडून, कोरड्या हवेसाठी. पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून ऐकणं तेवढं चालू होतं. आणि देवासला ऐकायला काय मिळायचं, तर दारावरून जाणारे नाथपंथी जोगी आणि माळव्यातल्या बायकांची गाणी. लग्नाची, पाण्याला जातानाची, सणावारांची. पुढे त्यांनी ही गाणी जमवली, त्यांच्या स्वरलिप्या केल्या, आणि त्या धुनांच्या पोटातून राग वर काढले. त्यांना ते 'धुनउगम राग' म्हणत. संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, अशी नावं आहेत. त्यांच्या स्वतःच्या बंदिशी 'अनूपरागविलास'मध्ये छापल्यात, १९६५ सालचं पुस्तक. 'गीतवर्षा' या कार्यक्रमात तर त्यांनी पावसाळा अख्खा मांडला, उकाड्यापासून झडीपर्यंत, लोकगीतं आणि मल्हार शेजारी शेजारी ठेवून. आणि १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला गांधी मल्हार केला. म्हणजे शोधणाऱ्याला विषय नवा मिळतो. मल्हारात फक्त ढगच यायला हवेत असं नाही.

सास-ननदबद्दल सांगते. आमच्याकडे पितृपक्षात सोळा दिवस मुली 'संजा' मांडतात. भिंतीवर शेणाने चित्र काढायचं, त्यावर फुलांच्या पाकळ्या लावायच्या आणि रोज संध्याकाळी गाणी म्हणायची. गाण्यांत सासर-माहेर ठासून भरलेलं. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा पहिल्या नवरात्रात भोंडला पाहिला, 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा माहेरा' ऐकलं, आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. ताई, तुमची 'सास ननद' दिल्ली दरबारात जन्मली असं मला नाही वाटत. ती आधी भिंतीपाशी, पाणवठ्यावर, जात्यापाशी होती. तिथून ती दरबारात गेली. उस्तादांच्या घरीही बायका गातच असणार ना!

---

तीव्र मध्यम (मिरज)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते म्हणून उशीर झाला.

नोमतोम, तुमचा केसरबाईंचा दाखला मी सरांना वाचून दाखवला. त्यांना फार आवडला. मला अजूनही तो पूर्ण पटलेला नाही, पण पंचमावरचा तो ठहराव मी काल चार वेळा ऐकला आणि चारही वेळा गप्प झाले.

खर्जकाका, ९ बंदिशी वेगळ्या काढल्या. ४ जणींचा नवरा परगावी, ३ जणी वाट पाहणाऱ्या, एक खंडिता, आणि एकीचं मला ठरवताच येत नाही. ती भूप रागातली आहे, तिचे शब्द माझ्या वहीत बहुतेक चुकीचे उतरलेत.

मुख्य गोष्ट सांगायची राहिली. देवासच्या ताईंचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. भोंडल्याशी आल्या तेव्हा त्या हसल्या. मग मी धीर करून अंतऱ्याचा अर्थ सांगितला, सगळा, 'गारी'सकट. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझेही वाजायचे."

लग्न होऊन आल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. पायात माहेरचे चांदीचे पैंजण, घुंगरांचे. घरात सासू-सासरे, दोन दीर, थोरल्या जाऊबाई, एक नणंद. पहाटे चारला उठून बंब पेटवायचं काम नव्या सुनेकडे. माजघरातून परसात जाताना पैंजण वाजले की सासऱ्यांची झोप मोडायची, आणि मग दिवसभर बोलणी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनीच जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दिली आणि पैंजणांभोवती कशी गुंडाळायची ते दाखवलं. "नवऱ्याकडे जायला नाही गं," सासूबाई म्हणाल्या, "बंब पेटवायला." ती चिंधी त्या सोडायच्या संध्याकाळी, देवापाशी दिवा लावायच्या वेळी. तेव्हा घरातले पुरुष बाहेर असायचे आणि पैंजण वाजले तरी कुणी काही म्हणत नसे.

पूरिया धनाश्रीची वेळ तीच. मी इतके दिवस त्याच वेळेला हा राग गाते आहे आणि उंबऱ्याशी बसून त्या ऐकतायत.

आता माझी अडचण अशी आहे. 'झनन झनन बाजे झनकारी' हे मी आजवर मोकळ्या आवाजात, जरा मिरवत म्हणत होते. सरांनी तसंच शिकवलंय, आणि चाल वर षड्जाकडे ('सा'कडे) जाते, त्यामुळे आवाज आपोआप खुलतो. पण पुढे अंतऱ्यात भीती यायची असेल तर स्थायीतला, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागातला, झंकार दबका हवा का? की झंकार मोकळाच ठेवायचा, कारण पैंजण काही तिचं ऐकत नाहीत, आणि भीती नुसती 'समझत नाहीं'वर आणायची? काल दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिलं. सासूबाईंना दुसरी आवडली, मला पहिली. गुरुवारी क्लास आहे. त्याआधी खर्जकाका किंवा कुणी गाणाऱ्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.